डोळे मिटायची भीती

करंजाड्यातल्या त्या सोसायटीत सुचिताला सगळे ओळखायचे ते तिच्या एका बाहीच्या ब्लाऊजांमुळे. हातात कला होती. गळा असा बसवायची की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घ्यायचं नाही. पण एक बाही लावून झाली की हिला आठवायचं, कुकर लावायचाय. कुकरकडे निघाली की गॅलरीतले कपडे दिसायचे, कपडे काढताना त्यातला एक उसवलेला निघायचा, सुई शोधता शोधता कपाट आवरायला घ्यायची, आणि संध्याकाळी नवरा घरी यायचा तेव्हा अख्खं कपाट पलंगावर, कुकर रिकामा आणि ब्लाऊज मशीनवर एका बाहीनिशी लोंबत पडलेला. बायका हसायच्या. सुचिताही हसायची. आपणच आधी हसून घेतलं की लोक पुढचं विचारत नाहीत, हे ती लहानपणीच शिकली होती.

पुढचं म्हणजे भीती. आता बाही लावायची राहिली तर त्यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण सुचिता घणसोली गावातली, काशीबाईची मुलगी, आणि काशीबाईच्या अंगात गावदेवी यायची. चैत्रातल्या जत्रेला ढोल लागला की काशीबाईचे केस सुटायचे, मान गरगरायला लागायची, आवाज जाडाभरडा व्हायचा. एरवी तिच्या हातचं पाणीसुद्धा उभ्या उभ्या पिऊन निघून जाणारी गावातली मोठी माणसं तेवढ्यापुरती तिच्यासमोर हात जोडून उभी असायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा मुलगा नोकरीला लागत नाही. देवी सांगेल ते मान खाली घालून ऐकायचं.

सुचिता दुसरीत असताना एकदा त्या गर्दीतून वाट काढत थेट आईच्या समोर जाऊन उभी राहिली. आईचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनीच तिनं तोंड मुलीकडे वळवलं आणि त्या परक्या आवाजात विचारलं, "कोनाची पोर ही? बाजूला घ्या तिला."

कुणीतरी दंड धरून तिला मागे खेचलं. पोर रात्रभर तापाने फणफणली. आपल्या आईला आपण कोण हे माहीत नाही, या गोष्टीएवढी भयंकर गोष्ट तिला पुढे आयुष्यात कधी भेटली नाही. त्यात शेजारच्या बायकांनी भर घातली. शाळेतून बाईंची तक्रार आली होती की मुलीचं लक्ष नसतं, हाक मारली तरी ऐकू येत नाही. त्यावर बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "हिचं बी ध्यान ठिकानाव नसतं. आयशीच्या मागं हीच."

झालं. तेव्हापासून सुचिताचं लक्ष उडालं की तिला वाटायचं, देवी आली. दूध उतू गेलं, आली. बसचा स्टॉप मागे गेला, आली. घरात कुणी अगरबत्ती लावली तरी ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. लग्न ठरवताना मुलगा काय करतो हे तिनं विचारलंच नाही. राहायला घणसोलीपासून लांब मिळेल का, एवढंच विचारलं. मितेश मूळ उरणजवळच्या मोऱ्याचा, कंटेनर यार्डात सुपरवायझर. त्याने करंजाड्यात फ्लॅट घेतला आणि सुचिता सुटली. दर चैत्रात तिला नेमका ताप यायचा किंवा शिवणाची घाई असायची. जत्रेला ती पुन्हा गेली नाही.

मुलगी झाली, आबोली. आता ती पहिलीत आहे.

आबोलीला घेऊन सुचिता बाजारात गेली त्या दिवसाची गोष्ट. रंगूबाई कोळणीकडे मांदेली छान आली होती. आबोली टबातल्या चिंबोऱ्या बघत उकिडवी बसली होती. सुचिताने भाव केला, मासळी घेतली, घरी आली, साफ केली, हळद-मीठ लावून ठेवली. हात धुतले आणि मशीनवर बसून दुसरी बाही लावायला घेतली. चक्क दुसरी! तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात रंगूबाई, धंदा टाकून आलेली, आणि तिचा पदर मुठीत घट्ट धरून आबोली.

"बाय," रंगूबाई म्हणाली, "मावरं न्हेलंस, पोर ठेवलीस."

आबोलीच्या गालांवर रडून वाळल्याचे पांढरे ओघळ होते. सुचिताने पोरीला आत ओढून घेतलं. मुलगी तिच्या मनातून अशी पुसली गेली होती जशी कधी नव्हतीच, आणि ही गोष्ट तिने कुठेतरी पाहिलेली होती. ढोलासमोर उभ्या असलेल्या मुलीला तिची आई विचारत होती, कोनाची पोर ही.

मितेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवण झाल्यावर ताट सारून तो म्हणाला, "सुची, रस्त्यावर डंपर चालतात इथं. पुन्हा असं झालं ना, तर आबोलीला मी मोऱ्याला आईकडे ठेवीन. शाळा तिकडची बघू." तोही घाबरलेला होता, हे तिला दिसत होतं. म्हणून तर तिला एका शब्दाने भांडता आलं नाही.

मग मितेश तिला पनवेलच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बरंच काही विचारून, शाळेतल्या सवयींपर्यंत मागे जाऊन सांगितलं की हा एडीएचडी आहे. मेंदूची ठेवणच अशी असते, लक्ष एका जागी टिकत नाही, आणि बायकांच्या बाबतीत हे पुष्कळदा मोठेपणीच ध्यानात येतं. सुचिताने एकच प्रश्न विचारला. "हे आईकडून येतं का?"

"येऊ शकतं. घराण्यात असतं," डॉक्टर धीर देत म्हणाले. त्यांना वाटलं, बाईच्या मनावरचा भार उतरला. बाईचं तर धाबं दणाणलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचा गुण आला. ब्लाऊजांना दोन्ही बाह्या लागू लागल्या, सोसायटीतल्या बायकांचा हसायचा विषय संपला. पण भीती जागची हलली नाही, आणि घाबरली की सुचिताचं होतं नव्हतं तेवढंही भान जायचं. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खारघरच्या क्षिप्रा मॅडमकडे पाठवलं. गोळ्या चालूच ठेवायच्या, जोडीला संमोहन.

संमोहन हा शब्द ऐकून सुचिताच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ती गेली, कारण नाही म्हटलं तर मितेशला काय सांगणार?

क्षिप्रा मॅडम तिच्याच वयाची, मऊ बोलणारी. "सुचिताताई, याने एडीएचडी जात नाही, ते आधीच सांगते," ती म्हणाली. "पण मन शांत असताना एखादी सवय लावून घेता येते. आपण एक सवय लावू. कुठल्याही दारातून बाहेर पडताना हात चौकटीला लागेल, आणि तुम्ही स्वतःला विचाराल, माझ्यासोबत कोण आहे? ही झोप नाही, बेशुद्धी नाही. तुम्हाला सगळं ऐकू येईल. काही सांगायचंय तुम्हाला? कशाची भीती वाटते?"

"नाही," सुचिता म्हणाली. ही तिची चूक. पण भिंतीवर सर्टिफिकेटं लावलेल्या त्या बाईसमोर, माझ्या आईच्या अंगात येतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आबोली बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून रंग भरत बसली होती. सुचिताने डोळे मिटले.

मॅडमचा आवाज एका सुरात चालू झाला. जिना आहे, एकेक पायरी खाली उतरताय, हात जड होतोय. आणि हात खरंच जड झाला. सुचिताने उचलून बघितला, उचलेना. मान आपोआप एका बाजूला कलली. तिच्या कानात रक्त ढोलासारखं वाजायला लागलं. आली. इतकी वर्षं करंजाड्यात लपून काढली, आणि आज आपणच पैसे देऊन तिला बोलावून घेतलं. आता आपल्या तोंडून तो जाडाभरडा आवाज निघेल आणि आपण आपल्या मुलीला तेच विचारू.

ती ताडकन उठली. मॅडम काहीतरी म्हणत होती, ते तिला ऐकू आलं नाही. दारातल्या चपलांमध्ये पाय घातले, जिना उतरली, समोर दिसली त्या रिक्षात बसली. कळंबोलीच्या सिग्नलपर्यंत तिला श्वास घेणं एवढंच काम होतं. घसा कोरडा पडला म्हणून तिनं पिशवीत हात घातला, तर हाताला आबोलीची पाण्याची बाटली लागली.

तिने रिक्षावाल्याला काय सांगितलं, रिक्षा कशी वळली, यातलं तिला काहीच आठवत नाही. परत पोचली तेव्हा आबोली त्याच खुर्चीत बसून हत्ती हिरवा करत होती. मॅडमने तिला काही कळू दिलं नव्हतं, आई आत आहे असंच ती समजत होती. पण घामाघूम झालेली आई जिन्याकडच्या दारातून आत येताना तिने पाहिली, आणि मुलं काही खुळी नसतात. सुचिताच्या पायात कुणाच्या तरी भलत्याच चपला होत्या. मॅडमने पाणी दिलं, काय झालं विचारलं. सुचिताने मान हलवली आणि मुलीला छातीशी धरून निघाली.

जेवताना आबोली बापाला म्हणाली, "आई आज मला विसरून गेली. पण लगेच आली हां." बिचारीने आईची बाजू घेतली होती.

मितेश पानावरून उठला आणि गॅलरीत जाऊन त्याने मोऱ्याला फोन लावला. रविवारी आणतो, एवढंच सुचिताला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आबोलीला शाळेत सोडून सुचिता घणसोलीला गेली.  दोन्ही बाजूंनी उठलेल्या इमारतींच्या मधल्या बोळात काशीबाई ओट्यावर सूप घेऊन सुकी करंदी निवडत बसली होती. आता थकली होती, अंगात येणंही बंद झालेलं. लेकीचा चेहरा पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आये, माज्यात येतंय," सुचिता म्हणाली. "तुज्यात यायचं ना, तसंच. माजी पोर न्यायला निघालेत. तू उतरव ते. काय बी कर."

मग तिनं सगळं सांगितलं. बाजार, डॉक्टर, संमोहन, जड झालेला हात. आणि सांगता सांगता ज्या गोष्टीबद्दल ती आजवर कुणाशी बोलली नव्हती तीही बाहेर पडली. "तू मना वलखलं नव्हतंस, आये. कोनाची पोर ही, असं इचारलंस. माज्या तोंडावर."

काशीबाईने हात पदराला पुसले. "कोन बोलला मी वलखलं नाय? तुजं पैंजन वाजलं ते आईकलं मी. आन त्याच बाजूनं धग लागत व्हती. धुपाच्या निखाऱ्याचं घमेलं घेऊन कोनतरी तुज्या मागं आयलावता, गर्दी ढकलत व्हती. मना वाटलं, आता पोर भाजते माजी."

"मग माजं नाव का नाय घेतलंस?"

"अंगात असताना आपल्या पोराचं नाव घेत नाय गो. देवीला कोन आपलं, कोन परकं? माज्या सासूनं बजावलं व्हतं. नाव घेतलं असतं तर लोक बोलले असते, काशी ढोंग करते. म्हनून बोलले, कोनाची पोर ही, बाजूला घ्या. आन घेतलं का नाय बाजूला?"

सुचिताने तोंडावर हात धरला. त्या दंडाला धरून ओढणाऱ्या हाताचा तिने आयुष्यभर राग केला होता. मागे काय होतं ते तिनं कधी वळून पाहिलंच नव्हतं.

"म्हंजे ढोंगच व्हतं ते?" तिनं विचारलं.

"हात माजं आईकत नव्हतं, मान आईकत नव्हती. ते काय व्हतं ते देवीला म्हाईत," काशीबाई म्हणाली. "पन कान माजं व्हतं. आन कान तुज्यावर व्हतं."

"इतकी वर्सं सांगितलं का नाय?"

"तू इचारलंस कवा? जत्रा आयली का तू पलतंस."

सुचिताला आईचा राग आला, स्वतःचा आला आणि रडूही आलं. काशीबाईने तिला जवळ घेतलं नाही, तशी त्या घराची पद्धतच नव्हती. करंदीचा एक पुडा बांधून दिला आणि म्हणाली, "जा तू त्या बाईकडं. नवऱ्याला बी ने."

तिथूनच सुचिताने क्षिप्रा मॅडमला फोन केला आणि बोळात उभी राहून सगळं सांगितलं.  "हे मला आधी माहीत असतं तर मी जिना उतरवलाच नसता," मॅडम म्हणाली. "चूक माझीही आहे, मी एकदाच विचारलं. शनिवारी या. डोळे हवे तेव्हा उघडा. आणि ज्यांना आणायचंय त्यांना आत बसवा."

मितेशला तयार करणं सोपं नव्हतं. आबोलीची बॅग भरून ठेवलेली होती. "रविवारचं ठरलंय तसंच राहू दे," सुचिता म्हणाली. "शनिवारी फक्त माझ्यासोबत बसा." तो आला, पण तोंड पाडून. खोलीत शिरल्या शिरल्या मोबाईलमध्ये डोकं घालून कोपऱ्यात बसला. आबोली रंगांची पेटी घेऊन त्याच्या पायाशी बसली. खिडकी सुचिताच्या मागे होती, मॅडमने खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली.

सुचिताने डोळे मिटले, आणि भीती लगेच हजर. आईने सांगितलेलं सगळं खरं असलं तरी आई आई होती. आपल्याला ते जमलं नाही तर? आपले कान आपले राहिले नाहीत तर? या वेळी जिना नव्हता. मॅडम फक्त श्वासाबद्दल बोलत होती. हात जड झाला. तिला उठून पळावंसं वाटलं. तिने खुर्चीचा दांडा धरला, निदान धरल्यासारखं वाटलं. मान कलली.  ढोल वाजायला लागला, आणि त्या ढोलाखाली तिनं कान लावले.

पंखा. मॅडमचा आवाज. मितेशच्या मोबाईलवरची टकटक. रंगाच्या कांडीची खरखर. मग खरखर थांबली.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मागे, डावीकडे. खिडकीची काच पट्टीत घासत सरकली, आणि रस्त्यावरचे आवाज एकदम मोठे झाले.

सुचिताला हात उचलता येत नव्हता. डोळे उघडता येतात हे तिला त्या घटकेला सुचलंही नाही. पण तोंड उघडलं, आणि त्यातून कुठला आवाज निघेल या भीतीने तिचा जीव गोळा झाला.

"आबोली," ती म्हणाली. "खिडकीपासून मागे ये."

आवाज तिचाच होता. मितेशने मान वर केली आणि मोबाईल टाकून उडी मारली. आबोली स्टुलावर चढून कबुतर बघायला एक गुडघा खिडकीच्या कठड्यावर टेकवून उभी होती. खाली तीन मजले. त्याने तिला कमरेत धरून उतरवलं आणि खिडकी लावून खिडकीलाच पाठ टेकून बसला, मुलीला मांडीवर आवळून. 

सुचिताचे डोळे अजून मिटलेलेच होते. मॅडमने मुलगी मितेशच्या मांडीवर असल्याचं पाहून घेतलं आणि पुन्हा त्याच सुरात सुरुवात केली. तिने दाराचं आणि चौकटीचं सांगितलं, सावकाश, पुन्हा पुन्हा. सुचिताच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाव घेतलं होतं तिने. तिच्या आईला जे घेता आलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघालं होतं, आणि जगात काही बिघडलं नव्हतं.

डोळे उघडल्यावर आबोली आधी आईकडे धावली. "तू तर झोपली होतीस. मग तुला कसं दिसलं?"

"ऐकू आलं," सुचिता म्हणाली.

 खिडकीकडे तोंड असलेला, उघड्या डोळ्यांचा आणि धडधाकट लक्षाचा माणूस त्या खोलीत तोच होता, हे मितेशला कुणी सांगायची गरज नव्हती.

निघताना दारात सुचिताचा हात चौकटीला लागला. आपोआप लागला की तिने लावला, हे तिला आजही सांगता येत नाही. ती थांबली, मागे वळली आणि आबोलीचा हात धरला. चपला स्वतःच्याच आहेत ना, हेही बघितलं. भीती तशीच होती, जिथे असते तिथेच. तिघं खाली उतरली.

स्कूटरपाशी आल्यावर मितेशने तिच्याकडे पाहिलं. "पर्स?"

पर्स वर खुर्चीतच राहिली होती. सुचिताचा चेहरा पडला.

"थांब इथंच," मितेश म्हणाला. जिना चढता चढता त्याने फोन कानाला लावला. "हां, आई. उद्याचं ऱ्हाऊ दे. नाय, नाय आनत तिला."

सुचिता रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आबोलीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, दुखतंय." तेव्हा सुचिताने बोटं जराशी सैल केली.